बंद गाळ्यांतल्या चोऱ्यांची माहिती आरटीआयने मागवली : सेवा कशी वाटली

पोलीस ठाण्यातल्या नोंदी मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज चालतो का, असं आमच्या बाजारपेठेतले लोक मला सारखे विचारतात. चालतो. दहा रुपयांत सरकारकडून याहून मोलाची सेवा मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त नेमकं काय मागायचं हे ठरवून अर्ज करायला हवा. नाहीतर महिनाभराने एका ओळीचं उत्तर हातात पडतं आणि माणूस 'काही उपयोग नाही' म्हणून नाद सोडून देतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी एका व्यापारी संकुलात तळमजल्यावर शिलाई मशीनचे सुटे भाग विकते आणि आमच्या गाळेधारक संघाची सचिव आहे. संकुलातले जवळपास निम्मे गाळे बंद आहेत. करोनात गेलेले काही भाडेकरू परत आलेच नाहीत, काही मालक परगावी, काही गाळ्यांच्या शटरवर बँकेची नोटीस, तर काही भावाभावांच्या वादात अडकलेले. या बंद गाळ्यांत चोऱ्या होतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. शटर मधोमध उचकटलेलं असतं. आतली तांब्याची वायर, एसीचे पाइप, पंखे, नळाच्या तोट्या, मीटरच्या पेटीचा पत्रासुद्धा गेलेला असतो. पण आपल्या हद्दीत असं किती वेळा झालं, कुठल्या भागात, कोणत्या महिन्यांत, पुढे तपासाचं काय झालं, हे विचारलं की जो तो अंदाजाने बोलतो. रात्रीचा दुसरा वॉचमन ठेवायचा तर मेंटेनन्स वाढवावा लागतो, आणि सभेत मेंटेनन्स वाढवा म्हणताना हातात कागद लागतो. तो कागद मिळवायला मी अर्ज केला.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. छायाप्रतीला पानामागे २ रुपये. कागदावर द्यायचा असेल तर 'जोडपत्र अ'चा नमुना आणि त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, नाहीतर राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून घरबसल्या. मी ऑनलाइन केला. मराठीत लिहिता येतं, शुल्क तिथेच भरता येतं, नोंदणी क्रमांक लगेच मिळतो आणि त्या क्रमांकावरून अर्ज कुठे पोचला हे बघता येतं. आवक-जावकच्या टेबलावर 'पोच द्या हो' म्हणत उभं राहावं लागत नाही. एवढ्यासाठीसुद्धा मी ही सोय वाखाणेन. माहिती कशाला हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. कलम ६(२) मध्ये तसं साफ लिहिलंय. ठाण्यातून कुणी फोन करून 'कशाला हवंय तुम्हाला?' विचारलं तर नम्रपणे एवढंच सांगायचं.

महाराष्ट्रात आणखी एक नियम आहे, आणि तो नव्या अर्जदारांना फार नडतो : एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. आपली सगळी कर्मकहाणी त्यात मावत नाही आणि मावायलाही नको. मी लिहिलेला मजकूर देते, कारण हाच या सगळ्यातला सर्वांत कामाचा भाग आहे :

'आपल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात दुकान, गाळा, गोदाम, कार्यालय अशा ठिकाणी घडलेल्या घरफोडी व चोरीच्या गुन्ह्यांच्या (भा.दं.वि. कलम ३८०, ४५४, ४५७ आणि भा.न्या.सं. कलम ३०५, ३३१) गुन्हा रजिस्टरमधील नोंदींची पाहणी करू द्यावी व पाहणीनंतर मी निवडलेल्या पानांच्या छायाप्रती द्याव्यात. गुन्ह्याच्या वेळी जागा बंद अथवा रिकामी होती किंवा कसे, याची स्वतंत्र नोंद ठेवली जात असल्यास तिच्या नमुन्याची प्रत द्यावी. फिर्यादी, साक्षीदार व आरोपी यांची नावे, पत्ते, फोन क्रमांक झाकून दिल्यास हरकत नाही.'

यात दोन गोष्टी मुद्दाम घातल्या आहेत. पहिली, दोन्ही कायद्यांची कलमं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फक्त ३८० आणि ४५७ लिहिलं तर त्या तारखेच्या पुढची घरफोडी तुमच्या अर्जात बसतच नाही. दुसरी म्हणजे 'पाहणी'. बहुतेक लोक 'किती चोऱ्या झाल्या त्याचा तक्ता द्या' असं मागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात स्पष्ट केलंय, की जी माहिती एकत्र करून ठेवणं कायद्याने बंधनकारक नाही, ती अर्जदारासाठी नव्याने जुळवून, तक्ता करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. म्हणजे तयार नसलेला तक्ता मागितला की नकाराची वाट आपणच मोकळी करून देतो. कलम २(ञ) मध्ये मात्र अभिलेखाची पाहणी करणं, टिपणं घेणं, प्रती घेणं हे सगळं 'अधिकार' म्हणून आलेलं आहे. रजिस्टर तर ठाण्यात असतंच. ते उघडून दाखवायला सांगा, मोजणी आपण करू.

तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. 'बंद व चालू आस्थापना असे वर्गीकरण या कार्यालयात ठेवले जात नाही, सबब माहिती निरंक. उर्वरित माहिती कलम ८(१)(ज) अन्वये देता येत नाही.' संघातल्या एका काकांनी ते वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, ''सोड ग, आता काय मिळणार?'' मला मात्र त्या पहिल्या वाक्याचं फार महत्त्व वाटलं. बंद जागेतल्या चोरीचा वेगळा हिशोब ठेवलाच जात नाही, हे एका कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. देशपातळीवरही तीच गत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात चोरी-घरफोडी कुठे झाली याचे रकाने असतात, राहती घरं वेगळी आणि व्यापारी आस्थापना वेगळ्या. पण गिऱ्हाइकांनी गजबजलेलं दुकान आणि तीन वर्षं कुलूप असलेला गाळा, दोन्ही त्या एकाच रकान्यात जातात.

८(१)(ज) म्हणजे तपासात किंवा गुन्हेगारांना पकडण्यात, त्यांच्यावर खटला चालवण्यात अडथळा येईल अशी माहिती. ठाण्याकडून येणाऱ्या नकारात हे कलम पुष्कळदा भेटतं, त्याला घाबरू नका. नुसता तपास चालू आहे म्हणून नकार देता येत नाही. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल, हे अधिकाऱ्याने दाखवायला हवं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात म्हटलेलं आहे. मी तीस दिवसांच्या आत पहिलं अपील केलं, 'जोडपत्र ब', शुल्क २० रुपये. त्यात तीन मुद्दे मांडले : यातल्या बऱ्याच गुन्ह्यांचा तपास संपलेला आहे, अडथळा कसा येईल हे उत्तरात सांगितलेलं नाही, आणि कलम १० प्रमाणे न देण्याजोगा भाग झाकून बाकीचा देता येतो.

सुनावणीला वकील नेला नव्हता, लागलाही नाही. अपिलीय अधिकाऱ्यांनी अर्ज पूर्ण वाचला होता आणि ते मुद्द्याचंच बोलले. 'तुम्हाला नावं नकोत ना?' एवढं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. आदेश असा झाला : तपास संपलेल्या गुन्ह्यांच्या नोंदी पूर्ण दाखवाव्यात, चालू तपासातल्या गुन्ह्यांचा फक्त क्रमांक, तारीख, कलम आणि ठिकाण दाखवावं. मला हा आदेश अगदी न्याय्य वाटला.

पाहणीच्या दिवशी ठाण्यात मला लेखनिकांच्या खोलीत बसवलं. लांबट, जाड बांधणीची वही, कडेने कापडी पट्टी, पानांवर आडवे रकाने : गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलम, फिर्याद दाखल झाल्याची तारीख-वेळ, गुन्हा घडल्याची तारीख-वेळ, ठिकाण, गेला माल, मिळाला माल, तपासी अंमलदार, आणि शेवटी निकालाचा रकाना. शेजारी एक हवालदार बसले होते. नावाच्या रकान्यावर ते पुठ्ठ्याची पट्टी ठेवत आणि पान उलटलं की ती खाली सरकवत. सुरुवातीला गप्प होते. मग मी वहीत काय टिपतेय ते बघून म्हणाले, ''ताई, बंद गाळा शोधायचा तर ठिकाण नका बघू. वेळ बघा.''

माझ्या सगळ्या खटपटीचं सार्थक त्या एका वाक्यात झालं. चालू दुकानात चोरी झाली की घटनेच्या रकान्यात असतं, रात्री दहा ते सकाळी नऊ. मालक रात्री शटर ओढून गेला आणि सकाळी उघडायला आला, मधला एवढाच वेळ. बंद गाळ्याची चोरी असेल तर तिथे महिने असतात. दिवाळीत मालक शेवटचा येऊन गेला आणि एकदम मे महिन्यात आला, तर घटनेची वेळ नोव्हेंबर ते मे. प्रथम खबरीच्या, म्हणजे एफआयआरच्या, छापील नमुन्यातही हेच दिसतं. तिसऱ्या रकान्यात 'दिनांक पासून' आणि 'दिनांक पर्यंत', आणि आठव्या रकान्यात तक्रार करायला उशीर का झाला त्याचं कारण. तिथे 'गाळा बंद असल्याने उशिरा लक्षात आले' असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे वर्गीकरण ठेवलं जात नाही हे उत्तर खरं, आणि तरी माहिती त्याच वहीत पडून होती. त्या हवालदारांचे मी मनापासून आभार मानले.

एकदा ही किल्ली मिळाल्यावर पानं भराभर वाचता आली. आकडे इथे देत नाही, त्यावरून ठाणं ओळखू येईल. ते संघाच्या सभेत ठेवलेत. पण दिसलं ते असं. बंद गाळ्यांच्या फिर्यादी घोळक्याने येतात, म्हणजे एक मालक आला, त्याने तक्रार दिली, मग त्याने शेजारच्याला फोन केला आणि आठवड्याभरात तिघांच्या तक्रारी लागल्या. चोरी मात्र कधी झाली कुणालाच सांगता येत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण तोवर पुसलेलं असतं, त्यामुळे तपासाला धरायला काही राहत नाही आणि निकालाच्या रकान्यात 'अ समरी' पडते, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. पोलिसांना दोष देण्याआधी आपण गाळेवाल्यांनी हे समजून घ्यायला हवं. महिन्यातून एकदा कुलूप बघायला जाणारा माणूस असेल, तर 'पासून-पर्यंत' महिन्याभरात येतं आणि चित्रण मिळण्याची काहीतरी शक्यता उरते. आमच्या सभेत दुसऱ्या वॉचमनऐवजी आधी हाच ठराव झाला : बंद गाळ्यांची फेरी, तारीख-वेळेची वही, आणि शटरचा फोटो मालकाच्या व्हॉट्सॲपवर. विम्यासाठीही ही वही उपयोगी पडते. घरफोडीच्या पॉलिसीत जागा सलग अमुक दिवस बंद राहिली तर कंपनीला कळवण्याची अट बऱ्याचदा असते, आपापली पॉलिसी काढून बघा.

गुन्हा रजिस्टरच्या बाहेरही बरंच काही राहतं. नव्या संहितेत ३०३(२) खालची साधी चोरी, माल पाच हजारांहून कमी असेल आणि आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल, तर अदखलपात्र धरली जाते. पॅसेजमधली वायर किंवा जिन्यातला दिवा गेला तर नोंद अदखलपात्रच्या रजिस्टरात जाऊ शकते, म्हणून त्यासाठी मी वेगळा अर्ज केला. शिवाय तक्रारच न देणारे मालक खूप. 'दोन पंख्यांसाठी कोण गावाहून येणार?' असं म्हणणाऱ्यांची चोरी कुठल्याच वहीत नाही, आणि तिथे माहितीचा अधिकार पोचणार तरी कसा?

अर्ज करण्याआधी एक फुकटचा रस्ता वापरून बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळून प्रथम खबरी पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित प्रथम खबरी' असा भाग आहे. जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा निवडल्या की यादी येते. कलमावरून घरफोडी वेगळी काढायची आणि तिसरा-आठवा रकाना बघायचा. वेळखाऊ काम आहे, पण अर्जात कोणते महिने मागायचे याचा अंदाज त्यातून येतो. आणि तुम्ही स्वतः फिर्यादी असाल तर तुमच्या प्रथम खबरीची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते, तिच्यासाठी आरटीआय करत बसू नका.

आता महापालिकेबद्दल, कारण तिथला अनुभव मला अजून अस्वस्थ करतो. प्रभागातल्या पालिकेच्या मालकीच्या बाजार-इमारतींमध्ये किती गाळे रिकामे आहेत, हे मी एका कार्यालयाला विचारलं होतं. गाळा क्रमांक नको, इमारतनिहाय संख्या चालेल, असंही लिहिलं होतं. उत्तर आलं की अशी माहिती दिल्यास रिकाम्या मालमत्तांमध्ये चोरी व अतिक्रमणाचा धोका वाढेल. काळजी समजते. कुठला गाळा रिकामा आहे याची क्रमांकासकट यादी कुणाच्याही हाती पडावी असं मलाही वाटत नाही. पण हा धोका किती, हे कशावरून ठरवलं? पोलिसांकडे बंद जागांचा वेगळा हिशोब नाही, हे माझ्याकडे लेखी आहे. मग ज्या चोऱ्यांची मोजदादच झालेली नाही त्यांचं कारण सांगून इमारतीनिहाय आकडाही रोखायचा, हे मला पटत नाही. आणि चोराला यादी लागत नाही. पायरीवरची पत्रकं, कापलेलं वीज मीटर आणि गंजलेलं कुलूप हे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं. यादीची खरी गरज आहे ती आमच्यासारख्या शेजाऱ्यांना, अग्निशमन दलाला आणि ज्यांना भाड्याने जागा हवी आहे त्या लहान धंदेवाल्यांना. यावर मी अपील केलंय आणि त्यात दोन्ही कार्यालयांची उत्तरं शेजारी शेजारी जोडली आहेत.

सेवेचं मोजमाप करायचं तर ऑनलाइन अर्जाची सोय उत्तम, पाचपैकी पाच. पहिल्या उत्तराला दोनपेक्षा जास्त देता येत नाहीत, कारण कलम लिहिलं पण कारण लिहिलं नाही. पहिल्या अपिलाला साडेचार. पाहणीला पाच आणि वर त्या हवालदारांना नमस्कार. दुसऱ्या अपिलाची, म्हणजे राज्य माहिती आयोगाकडे जायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. तिथे ९० दिवसांत जाता येतं, पण प्रलंबित अपिलं पुष्कळ असल्याने वाट बघायची तयारी ठेवावी लागते. म्हणून पहिल्या अपिलातच सगळी ताकद लावा. तीस दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर कलम ७(६) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते, हे अपिलात आवर्जून लिहा. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत दंड आयोग करू शकतो. माझ्या अर्जात त्या वाटेला जावं लागलं नाही.

नावं झाकण्याचं वाक्य अर्जात ठेवाच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ ने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहितीचं कलम, आणखी कडक केलंय. आपल्याला गाळा, तारीख आणि निकाल हवा असतो, फिर्यादीचं नाव घेऊन करायचंय काय? ते आधीच सोडून दिलं की नकाराचं एक कारण कमी होतं.

पुढचा अर्ज अग्निशमन दलाकडे दिलाय. बंद दुकानं, गोदामं इथे आग लागल्याच्या वर्दीचं रजिस्टर बघायला मागितलंय, काळ तोच, २०२२ ते २०२४. तिथे 'पासून-पर्यंत' नसणार, आग लागली की कळतेच. पण कुलूप तोडून आत जावं लागलं का, याची नोंद वर्दीच्या अहवालात सापडेल अशी मला आशा आहे. ती मिळाली तर पोलीस ठाण्यातल्या टिपणांशी पत्ते ताडून बघणार आहे.